पंचवीस मे, खांद्यावर टॉवेल

११ मे २००१ रोजी लेखक डग्लस ॲडम्स कॅलिफोर्नियात हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. वय अवघं ४९. आपल्याकडे माणूस गेला की पुढं काय करायचं ते ठरलेलं असतं. शेजारून डबा येतो, कुणी गुरुजींना गाठतं, दहावा-तेरावा होतो, गोडाचं जेवण होतं आणि घर हळूहळू मार्गी लागतं. पण वाचक लेखकाचा कोण लागतो? त्याला सुतक नाही, खांदा द्यायचा मान नाही, जाऊन बसावं असं घर नाही. ॲडम्सचे वाचक तर देशोदेशी पांगलेले आणि एकमेकांना बहुतेक इंटरनेटवरच भेटलेले. त्यांचं दुःख खरं होतं, ते कुठं नेऊन ठेवायचं एवढंच त्यांना कळत नव्हतं.

तीनच दिवसांनी, १४ मेला, त्यांच्यातल्याच एकानं इंटरनेटवर एक साधी गोष्ट सुचवली. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, २५ तारखेला, प्रत्येकानं दिवसभर टॉवेल जवळ बाळगायचा. कचेरीत, कॉलेजात, बाजारात, जिथं जाल तिथं. कुणी विचारलंच तर ॲडम्सबद्दल सांगायचं. बस, एवढंच. ना वर्गणी, ना अध्यक्ष, ना हार-तुरे. निरोप चार दिवसांत पसरला आणि लोकांनी खरोखरच टॉवेल घेतले. त्या वर्षापुरतंच ठरलेलं हे काम पुढच्या वर्षी आपसूक पुन्हा झालं, आणि तेव्हापासून २५ मे हा ‘टॉवेल डे’ झाला.

टॉवेलच का, हे त्याच्या वाचकांना सांगावं लागत नाही. ८ मार्च १९७८ ला बीबीसीच्या रेडिओ ४ वर त्याची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही मालिका सुरू झाली, पुढच्याच वर्षी तिची कादंबरी आली. अंतराळातला हमरस्ता काढायचा म्हणून पृथ्वी पाडून टाकतात, आणि आर्थर डेंट नावाचा साधासुधा इंग्रज माणूस घरातल्या झग्यानिशी विश्वात भटकायला लागतो. त्या विश्वातल्या वाटसरूंसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ आहे आणि त्यात टॉवेलची थोरवी गायली आहे: पांघरा, अंथरा, शिडासारखा वापरा, ओला करून हाणामारीला घ्या. शिवाय ज्याच्यापाशी टॉवेल आहे त्याच्यापाशी बाकीचंही सगळं असणार, अशी लोकांची समजूत होते ती वेगळीच.

हे सुचलं कॉर्फू बेटावर. मित्रांबरोबर सुट्टीला गेलेला ॲडम्स रोज सकाळी समुद्रावर निघायच्या वेळी टॉवेल शोधत बसायचा. बाकीचे दारात तयार उभे आणि हा खोलीभर उलथापालथ करतोय. आपला टॉवेल कुठं आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याचं आयुष्य नीट लागलेलं असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. हा सहा फूट पाच इंच उंचीचा, हस्तलिखित वेळेवर न देण्याबद्दल प्रसिद्ध असलेला माणूस रोज सकाळी टॉवेल हुडकतोय, हे चित्र मला फार जवळचं वाटतं. त्याच्या आठवणीसाठी वाचकांनी पुतळा किंवा तसबीर निवडली नाही, त्याची ती रोजची हरवणारी वस्तू निवडली. यापेक्षा प्रेमानं कुणी लेखकाला आठवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

तारीख अर्थात घाईत ठरली होती. कथेतला महासंगणक लाखो वर्षं विचार करून जीवनाचं, विश्वाचं उत्तर ४२ असं देतो. त्या हिशेबानं वर्षाचा ४२ वा दिवस, ११ फेब्रुवारी, सहज घेता आला असता. पण दोन आठवड्यांच्या आत ठरलेली तारीख कायम राहिली, आणि बरंच झालं, तिच्यात दुःखाची निकड शिल्लक आहे. ४२ चा आकडा तसाही ॲडम्सला सोडत नाही. २००१ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाची तात्पुरती खूण होती ‘२००१ डीए ४२’. मृत्यूचं वर्ष, त्याची आद्याक्षरं आणि त्याचा आकडा! २००५ मध्ये त्या लघुग्रहाला त्याचंच नाव दिलं गेलं. २०१५ च्या एप्रिलमध्ये एक रशियन मालवाहू यान निकामी झालं आणि अंतराळ स्थानकातली इटालियन अंतराळवीर समंथा क्रिस्टोफोरेट्टी हिचं परतणं लांबलं. त्यामुळं २५ मेला ती वरच होती. तिनं तिथून ‘हिचहायकर्स गाइड’मधला उतारा मोठ्यानं वाचून दाखवला.

आमच्याकडे मेच्या उन्हात खांद्यावर पंचा किंवा टॉवेल टाकलेली माणसं पावलोपावली भेटतात, त्यामुळं माझ्या टॉवेलकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तो सोलापूरचा आहे, तिथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही आहे. त्याची वीण मी बोटांनी पुष्कळदा चाचपली आहे. मागावर दोन ताणे असतात, एक ताठ, एक सैल. काही आडवे धागे सुटे पडले की फणी एकदम पुढं ठोकते, आणि सैल ताण्याचे बारीक फासे वर उभे राहतात. पाणी टिपतात ते हेच. सोलापूरचे टॉवेल परदेशीही जातात, तेव्हा २५ मेला युरोपातल्या एखाद्या खांद्यावर आपल्या मागाचं कापड असायला हरकत नाही.

तरी एक गोष्ट मनाला लागते. या दिवशी टॉवेल आणि ४२ यांचीच सगळीकडे आठवण निघते, आणि ॲडम्सला स्वतःला अतिशय प्रिय असलेलं ‘लास्ट चान्स टू सी’ मागं राहतं. प्राणिशास्त्रज्ञ मार्क कार्वर्डाइनबरोबर तो नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या शोधात हिंडला, त्याचं हे १९९० चं पुस्तक. त्यातला यांगत्से नदीतला डॉल्फिन २००६ च्या शोधमोहिमेत एकही दिसला नाही. न्यूझीलंडचा काकापो, तो गलेलठ्ठ, उडता न येणारा पोपट, तेव्हा जेमतेम चाळीस-पन्नास उरला होता. माणसं हट्टानं मागं लागली आणि आज ते दोनशेच्या वर आहेत. म्हणून टॉवेलबद्दल कुणी विचारलंच, तर मी आधी काकापोचं प्रकरण वाचायला सांगतो.