डोळ्याचं माप

आमच्या आजीचा मोतीबिंदू तालुक्याच्या शाळेत भरलेल्या शिबिरात काढला. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरांनी १९४९ सालीच माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं होतं, हे मी पुढं वाचलं. आमच्या शिबिरापर्यंत ते पोचलं नव्हतं. खराब भिंग काढायचं आणि वरून दहा नंबरचा जाड चष्मा द्यायचा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसे. कपबशी घ्यायला पुढं केलेला आजीचा हात अलीकडंच थांबायचा.

आईलाही मोतीबिंदू झाला, पण तिनं तो दोन वर्षं लपवला. ‘चुलीच्या धुरानं होतंय,’ म्हणायची. गोधडीचे टाके वाकडे पडायला लागले, तेव्हा आम्हाला कळलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी डोळ्याचं माप घ्यायचं होतं. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याचा बाक आडवा किती, उभा किती हे मोजतात. आईनं यंत्रावर हनुवटी टेकवली. त्रेचाळीस, चव्वेचाळीस असे आकडे आले, पण दुसऱ्या खेपेचे पहिल्याशी जुळेनात.

‘‘मावशी, डोळ्यांची उघडझाप करा बघू,’’ माप घेणारी मुलगी म्हणाली. डोळा कोरडा पडला की माप चुकतं. तिसऱ्या खेपेला जुळलं.

मग डोळ्याची लांबी. मोतीबिंदू इतका पिकला होता की यंत्राचा उजेड आरपार जाईना. म्हणून थेंब टाकून डोळा बधिर केला आणि पेनासारखी नळी बुबुळाला हलकेच टेकवून आवाजाच्या लहरींनी लांबी मोजली. नळी जरा दाबली गेली तरी डोळा आखूड भरतो. एक मिलिमीटरची चूक झाली, तर भिंगाचा नंबर अडीच-तीननं चुकतो. एक मिलिमीटर म्हणजे राजगिऱ्याचा दाणा! आमच्याकडं वीतभर बांध सरकला तर कोर्टकचेऱ्या होतात.

बाक आणि लांबी यांवरून भिंगाचा नंबर निघतो. पण डॉक्टरबाईंनी आणखी एक विचारलं, ‘‘बिनचष्म्याचं काय स्पष्ट दिसायला हवं? लांबचं की जवळचं?’’

‘‘लांबचंच करा,’’ मी म्हणालो. ‘‘घरीच असते ती. काम असं काही नाही.’’

आई माझ्याकडं वळली. ‘‘काम न्हाई? मग तांदळातलं खडं कोण काढतंय? गोधड्या कोण शिवतंय?’’ आणि बाईंना म्हणाली, ‘‘मला सुईत दोरा ओवता आला पायजे बघा. लांबचं काय, येष्टी आली की आवाज येतोच की.’’

‘‘लांबचं बघायला चष्मा लागेल हं, मावशी.’’

‘‘लागू द्या की.’’

बाईंनी त्या हिशेबानं भिंगाचा नंबर वाढवून लिहिला. मी गप्प बसलो. पडद्याचा बाक तीन-तीनदा मोजून घेतला, आणि आईचं सगळं आयुष्य मी ‘घरीच असते’ एवढ्यात मोजून टाकलं होतं.

दिवाळीला गावी गेलो. आई ओट्यावर गोधडी शिवत होती. लांबचा चष्मा आत खुंटीला होता. मी फाटकात उभा राहिलो. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले.

‘‘कोण हाय त्ये?’’

काळजात चर्र झालं. ‘‘मी आलोय, आई.’’

‘‘आलास व्हय? ये की मग जवळ,’’ ती म्हणाली, आणि बोलता बोलता एका झटक्यात सुईत दोरा ओवून मोकळी झाली.