न सांगता सोडलेलं काम

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी मराठी शुद्धलेखन तपासणीचं काम हौसेनं हाती घेतलं. लिब्रेऑफिसमध्ये मराठी लिहिलं की माझ्या संगणकावर बरोबर शब्दांखालीही लाल रेघा उमटायच्या. ‘घर’ चालायचं, ‘घरासमोरच्या’ चालायचं नाही. तपासणी करणारं हनस्पेल हे मुळात हंगेरियनसारख्या प्रत्ययांनी भरलेल्या भाषेसाठी लिहिलेलं. त्यात एक फाइल शब्दांची, दुसरी प्रत्ययांच्या नियमांची. नियम नीट लिहिले तर मराठीचंही भागणार होतं.

वाळंब्यांचं व्याकरण शेजारी ठेवून मी रात्री जागवल्या. ‘मूल’चं ‘मुलाला’ होताना ऊ ऱ्हस्व होतो, ‘कापूस’चं ‘कापसाला’ होताना तो गळूनच जातो. असा एक नियम बसला की कितीतरी शब्दांखालची रेघ एकदम पुसली जायची. तो आनंद मला नोकरीत क्वचितच मिळाला. नागपूरचा एक मुलगा सोबत आला. एक निवृत्त शिक्षिका शब्द तपासून याद्या पाठवू लागल्या. त्यांना आम्ही बाईच म्हणायचो.

पहिली दोन वर्षं अशी गेली. मग आवडीचं काम संपत आलं आणि निस्तरायचं काम उरलं. अपवाद, जुन्या चुका, नव्या आवृत्तीवर न चालणारं एक्स्टेन्शन, ‘अजून दुरुस्त का झालं नाही?’ अशी विचारणा. तोवर मी नोकरीला लागलो होतो, घरी मुलगी झाली होती. नागपूरचा मुलगाही नोकरीत अडकला. आमच्यात भांडण झालं नाही, कुणी कुणाला दुखावलं नाही.

तीन-चार महिन्यांनी एखादी संध्याकाळ मोकळी मिळायची. स्वतःच लिहिलेले नियम वाचून समजेपर्यंत आणि सगळं पुन्हा चालू करेपर्यंत ती संपायची. पुढची संध्याकाळ लवकर यायची नाही. त्यात बाईंची तीनशे शब्दांची यादी आली. रविवारी बघू म्हणून ठेवली. रविवार गेले तशी उत्तर द्यायचीच लाज वाटू लागली. बाईंनी पुन्हा लिहिलं, ‘कामात असाल, सावकाश पाहा.’ त्यानंतर मी तो मेलबॉक्स उघडणंच टाळलं. पुढे त्यांच्या याद्या बंद झाल्या. माझ्या गप्प बसण्यानं एक चांगलं माणूस कामापासून तुटलं.

मार्च 2024 मध्ये एक्सझेड प्रकरण वाचलं. लिनक्समध्ये सर्वत्र वापरलं जाणारं फाइली लहान करण्याचं ते साधन वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, तेही बिनपगारी. मानसिक त्रासामुळे आपल्याला फारसं जमत नाही, असं त्यानं 2022 मध्ये उघडपणे लिहिलं होतं. त्याच्यावर दबाव वाढत गेला. मदतनीस म्हणून आलेल्या एकानं विश्वास मिळवला आणि आत चोरवाट पेरली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं छडा लावला म्हणून ती सापडली. वाचताना मला त्या थकलेल्या माणसाचंच जास्त वाईट वाटलं. जमत नाही हे त्यानं निदान सांगितलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी बाईंची यादी जोडली, त्यांना माफीचं पत्र लिहिलं आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावर दोन ओळी टाकल्या: मला आता वेळ देता येत नाही. सांभाळायला माणूस हवा आहे.

हौसेचं काम एक दिवस हातून सुटतं, त्यात गुन्हा नाही. पण सोडताना सांगा, किल्ल्या कुणाच्या तरी हातात द्या. आणि असं फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर तुम्ही रोज वापरत असाल, तर ते सांभाळणाऱ्याला काही मागण्याआधी एकदा विचारा, ‘तुमच्या सोबतीला कुणी आहे का?’