शिवाजी पेठेतली रुसलेली बरणी

अंबाबाईचे दर्शन झाले, की महाद्वारातून बाहेर पडून आपण बहुतेक जणी साड्यांच्या नाहीतर चपलांच्या दुकानांकडे वळतो. पुढच्या खेपेला तुम्ही रंकाळ्याच्या बाजूला चालत शिवाजी पेठेत जा. निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा, तालमींच्या दाराशी वाळणारे लंगोट, आणि नव्या इमारतींच्या मधे तग धरून राहिलेली काही कौलारू घरे. त्यातल्याच एका घरात माझी मावशी राहते. गेल्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेले, ती मांडीवर चिनी मातीची बरणी घेऊन.

बरणीत द्राक्षारिष्ट होते. म्हणजे, व्हायला हवे होते! पंधरा दिवस झाले तरी आत हूं नाही की चूं नाही. शार्ङ्गधराच्या ग्रंथातले प्रमाण धरून मी अर्धा किलो बेदाणे पाच लिटर पाण्यात उकळून सव्वा लिटर काढा उरवला होता, त्यात दोन किलो गूळ आणि धायटीची फुले घातली होती. तरी बरणी रुसलेलीच.

मावशीने झाकण काढून जळती काडी बरणीच्या तोंडाशी धरली. काडी सुखाने जळत राहिली. आसव आंबत असले, की आतून निघणाऱ्या वायूने काडी विझते. मग तिने बरणीला कान लावला.

“काढा निवू दिला न्हवतास व्हय?”

मी गप्प. गॅस बंद करून लगेच गूळ नि फुले ढकलली होती, कारण संध्याकाळी पाहुणे यायचे होते! धायटीच्या फुलांबरोबर येणारे यीस्ट हेच खरे विरजण. ४५-५० अंशांच्या पुढे ते जगत नाही. ग्रंथातही काढा गाळून, गार करून मगच गूळ घाला असे सांगितलेले आहे. मी नेमका तेवढाच शब्द वाचला नव्हता.

“आणि हा गूळ पिवळाधमक कशाला? देवाला दाखवायचा होता?”

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान. पण तो केशरी-पिवळा दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रोस घालतात. मावशी भेंडीच्या रसाने मळी काढलेला काळपट गूळ घेते. सोनेरी बेदाण्यांनाही गंधकाची धुरी दिलेली असते, आणि गंधक यीस्टला जाचतो. रूप बघून फसले म्हणायची! शिवाय गोडी इतकी दाट, की त्यात यीस्टचा जीव गुदमरतो. मावशीच्या घरी गूळ निम्माच घालतात.

तिने बरणीतले निम्मे दुसऱ्या बरणीत काढले. दोन्हींत दीड-दीड लिटर उकळून निववलेले पाणी, मूठभर काळ्या मनुका न उकळता चेचून, आणि काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली ताजी धायटी. तोंडाला नुसते फडके. घट्ट बूच लावाल तर बरणी फुटेल. मग भाताच्या तुसाने भरलेल्या बुट्टीत दोन्ही बरण्या रोवून न्हाणीघरात बंबाशेजारी ठेवल्या. रंकाळ्यावरून गार वारा येतो, त्या दिवसांत ऊब लागतेच.

चौथ्या दिवशी पहाटे मावशीने मला उठवले. “ऐक की!” कान लावला, तर आत पावसाची बुरबुर. काडी धरली, फट्दिशी विझली. मला तर पोराच्या पहिल्या हुंकाराची आठवण झाली.

एक सांगून ठेवते. आसव ही वाइनची धाकटी बहीणच. त्यात मद्यार्क तयार होतो. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी वाइन करता येत नाही. आसव वैद्यांना विचारूनच, औषध म्हणून, जेवणानंतर दोन चमचे समभाग पाण्यातून. लहान मुलांना, गरोदर नि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मुळीच नको.

महिन्याभराने फुले तळाला बसली, काडी पुन्हा जळू लागली, आणि द्राक्षारिष्ट गाळले. मी तळाचा गाळ मोरीत ओतणार, तोच मावशीने हात धरला. पुढच्या घाण्याला तोच विरजण. दरवर्षी ती तो स्वतःकडे ठेवते. या खेपेला मात्र छोट्या बाटलीत भरून माझ्या पिशवीत घातला. दिवाळीनंतर घर पाडायचे ठरले आहे. नव्या फ्लॅटमध्ये गीझर असेल, बंब नाही.

“तुझ्याकडं ठेव,” ती म्हणाली, “आणि काढा निवू दे गं बाई.”