उतरवून घेतलेली नावं

अमेरिकेतल्या उजव्या राजकारणासाठी टपालाने देणग्या जमवणाऱ्या रिचर्ड व्हिगरींबद्दल वाचतोय आणि मन तिथेच घुटमळतंय. 1964 साली उजव्या विचारांचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाची निवडणूक सपाटून हरले. अवघी 6 राज्यं हाती लागली. अमेरिकेतला उजवा विचार संपला, असं भलेभले म्हणू लागले. तिशीतले व्हिगरी मात्र वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या दप्तरात जाऊन बसले. गोल्डवॉटरना 50 डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांची नावं तिथे कुणालाही पाहता येत. छायाप्रत काढायची सोय नव्हती, म्हणून नाव, गाव, पत्ता सगळं हाताने उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढे मदतीला पगारी माणसं घेतली. सुमारे 12,500 नावं जमली. त्याच भांडवलावर टपालाने देणग्या मिळवून देण्याचा धंदा उभा राहिला.

त्यांची बरीचशी मतं मला पटत नाहीत. पण हरलेल्या बाजूच्या साध्या देणगीदाराला जपून ठेवावं, त्याला घरपोच पत्र लिहावं, ही चिकाटी मला मनापासून भावते. सभा गाजवणाऱ्यांना हे जमत नाही. खुपतं ते एवढंच, की भीती घालणाऱ्या पत्राला पैसे लवकर येतात, हेही याच धंद्याने राजकारणाला शिकवलं.