उशाशी एक कुंडी

मैसूरच्या देवराज मोहल्ल्यात फुलबाजारातील मल्लिगेचा गंध सयाजीराव रस्त्यापर्यंत पोहोचतो. त्या परिसरातील एका मराठी घरात वृद्ध आईला झोप लागेनाशी झाली, तेव्हा मुलाने गोंगाट नको म्हणून खिडकी लावून घेतली आणि उशाशी स्नेक प्लांटची कुंडी ठेवली. हे झाड रात्रीही प्राणवायू देते, अशी त्याची समजूत.

वस्तुतः पाणी वाचविण्यासाठी हे झाड रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेते. प्राणवायू मात्र प्रकाशातच निर्माण होतो. अमेरिकेतील नासा संस्थेच्या १९८९ च्या अहवालात वनस्पतींनी बंद कक्षातील दूषित वायू कमी केल्याची नोंद आहे. पण नांदते घर म्हणजे बंद कक्ष नव्हे. इमारतीत एरवी होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करण्यास दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. तेवढ्या कुंड्यांत अंथरूण कोठे घालावे?

आईला हा हिशेब ठाऊक नव्हता. तुळस अंगणात वाढते, कोंडलेल्या खोलीत नव्हे, एवढेच तिला माहेरापासून माहीत. रात्री रहदारी ओसरल्यावर ती उठली आणि कुंडीला वारा मिळावा म्हणून तिने खिडकी उघडली. थंड हवेबरोबर कोमेजत्या मल्लिगेचा गंध आत आला. स्वतःसाठी तिने मुलाचा शब्द मोडला नसता, झाडासाठी मोडला. झोप त्या रात्रीही उशिराच लागली. पण जीव घुसमटला नाही.