पाच हात, चौदा पाय

मराठीत 'तारामासा', उर्दूत 'तारा मछली'. माशाशी काडीचा संबंध नसलेल्या प्राण्याला दोन्ही भाषांनी मिळून मासा करून टाकलंय. त्याचाच नातेवाईक म्हणजे ब्रिटल स्टार, ठिसूळ तारा. मधे छोटी चकती आणि भोवती सापासारखे वळवळणारे पाच हात. कुणी हात धरला तर तो हात तोडून देतो आणि चालू लागतो. हात पुन्हा उगवतो. मेंदू नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं तेवढं आहे.

दुसरा आयसोपॉड. ओलसर कुंडी उचलली की खाली राखाडी, खवल्याखवल्यांचा किडा पळताना दिसतो ना, तो याच घराण्यातला. (पैसा नव्हे. पैशाचे पाय मोजता मोजता तास संपेल, याच्या मोजून सात जोड्या.) कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद. कात टाकतो तीही दोन हप्त्यांत, आधी मागची अर्धी, मग पुढची. खोल समुद्रात याचे फूटभर लांबीचे भाऊ राहतात. जपानच्या तोबा मत्स्यालयात त्यांतल्या एकाने २ जानेवारी २००९ रोजी मासा खाल्ला आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ काहीच खाल्लं नाही. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो मेला. 'सब्र' शिकवताना मी हेच उदाहरण देतो.

आता तुलना करा, गुण पाच. बी.एड.ला आम्हाला असे दोन रकाने आखायला शिकवलं होतं. पण इथे पहिल्याच ओळीला अडतं. आयसोपॉडला डोकं पुढे, शेपूट मागे, डावं-उजवं ठरलेलं. ठिसूळ ताऱ्याला यातलं काहीच नाही. दिशा बदलायची तर तो वळत नाही, दुसऱ्याच हाताला 'पुढे' ठरवतो आणि निघतो. त्याला 'उलटा चाललास' कसं म्हणणार?

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. उर्दू माध्यमातून आमच्याकडे पाचवीत आलेली एक मुलगी वही शेवटच्या पानापासून लिहिते. गणित बिनचूक, अक्षर मोत्यासारखं. शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव 'उलटी' पडलंय, आणि प्रगतिपुस्तकात 'मागे आहे' असा शेरा लिहायचं चाललंय. शेरा लिहिणारे विज्ञान शिकवतात. उद्या मधल्या सुट्टीत मी त्यांना हा ठिसूळ तारा मोबाईलवर दाखवणार आहे, आणि त्याची शेपूट कुठली ते विचारणार आहे.