बालीगंजची पंगत

मोठ्या शहरात नव्याने आलेल्या माणसापुढे पहिल्याच दिवशी दोन प्रश्न उभे राहतात. रात्री पाठ कोठे टेकायची आणि दुपारी जेवायचे कोठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नातेवाईक, गाववाले किंवा मालक देतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र शहरालाच द्यावे लागते. ज्या शहराजवळ ते असते, ते शहर परक्या माणसालाही हळूहळू आपले वाटू लागते. कोलकात्याच्या दक्षिण भागातील बालीगंज या वस्तीत हे उत्तर जागोजागी सापडते.

बालीगंज ही तशी सुखवस्तू लोकांची वस्ती. रुंद रस्ते, जुनी झाडे, प्रशस्त घरे असे तिचे बाह्यरूप आहे. परंतु या घरांचा दिवस सुरू होतो तो बालीगंज स्थानकावर उतरणाऱ्या माणसांमुळे. कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, डायमंड हार्बर या बाजूंच्या गावांतून पहाटेच्या लोकल गाड्यांनी कष्टकरी स्त्री-पुरुष येथे येतात. कोणी धुणीभांडी करते, कोणी स्वयंपाक करते, कोणी भाजी विकते. दुसऱ्यांच्या घरी चूल पेटवणाऱ्या या माणसांना आपला घास बाहेरच शोधावा लागतो. दुकानातील नोकर, कचेरीतील कारकून आणि परगावचा विद्यार्थी यांचीही तीच गरज असते.

ही गरज ओळखूनच कोलकात्यात ‘पाइस हॉटेल’ जन्माला आले. पाइस म्हणजे पैसा. जुन्या हिशोबात एका रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. अशा काही पैशांत पोटभर जेवण देणारी ती पाइस हॉटेले. बालीगंजमधील गरियाहाटच्या चौकातून रासबिहारी मार्गाने पश्चिमेकडे गेल्यास तरुण निकेतन हे १९१५ सालापासून चालत आलेले पाइस हॉटेल लागते. या हॉटेलांची रीत साधी, पण विचार करण्याजोगी आहे. ठरावीक किमतीचे ताट घेण्याची सक्ती नसते. भाताचे पैसे वेगळे, वरणाचे वेगळे, भाजीचे वेगळे, माशाचे वेगळे. पुष्कळ ठिकाणी केळीचे पान आणि लिंबाची फोडही वेगळी धरली जाते. हा हिशोब वरवर चिकटपणाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात मोठे औदार्य आहे. ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत, त्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. तो वरण-भात मागतो, शेजारचा मासा मागतो, आणि दोघेही एकाच बाकावर बसून मानाने जेवतात.

जेवणाचा क्रमही ठरलेला असतो. आरंभी कडवट चवीची शुक्तो ही मिश्र भाजी, मग वरण-भात, खसखशीच्या वाटणातील बटाटे म्हणजे आलू पोस्तो, त्यानंतर माशाचे पातळ कालवण आणि शेवटी आंबटगोड चटणी. कोणता मासा मिळेल, हे त्या दिवशीचा बाजार ठरवतो. रुई आणि कातला हे नेहमीचे. पावसाळा आला की इलिश, म्हणजे हिलसा, दिसू लागतो. वाढपी पदार्थांची नावे एका दमात म्हणून दाखवतो आणि जेवण संपताच तोंडी बेरीज सांगतो. बाहेर पडल्यावर मिठाईच्या दुकानात मातीच्या भांड्यातले गोड दही मिळते. मडक्याची माती दह्यातील पाणी शोषून घेते, म्हणून ते इतके घट्ट लागते.

गरियाहाटच्या बाजारात आदर्श हिंदू हॉटेल या नावाचे एक पाइस हॉटेल आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची याच नावाची एक कादंबरी बंगालीत प्रसिद्ध आहे. राणाघाटच्या एका हॉटेलात राबणारा हजारी ठाकूर हा आचारी स्वतःचे हॉटेल काढण्याचे स्वप्न कसे पाहतो आणि ते कसे खरे करतो, याची ती कथा आहे. जुन्या हॉटेलांच्या नावांतील ‘हिंदू’ हा शब्द मात्र त्या काळच्या पंक्तिभेदाचीही आठवण करून देतो. स्वयंपाक कोणी केला आणि शेजारी कोण बसला, हे पाहून घास घेण्याचा तो काळ होता. महाराष्ट्रही यापासून दूर नव्हता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा लोक तेथे चहा घ्यायला कचरत होते. राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः तेथे जाऊन चहा घेतला आणि इतरांनाही घ्यायला लावला. माणसांमधील अंतर कमी करायचे असेल, तर एकत्र खाण्यापासून आरंभ करावा लागतो, हे महाराजांनी जाणले होते. शहरातील लाकडी बाकांनी हेच काम गाजावाजा न करता पुढे नेले. भूक लागलेला माणूस आधी रिकामी जागा पाहतो. शेजाऱ्याची जात त्याला नंतर आठवते, आणि पुढे आठवेनाशी होते.

भाताच्या या पानाचे मोल कोलकात्याने फार कठोर रीतीने ओळखले आहे. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. खेड्यांतून आलेले उपाशी लोक या शहराच्या दारोदारी भात नव्हे, तर भाताची पेज मागत फिरत होते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की केवळ धान्य कमी पडले म्हणून हा अनर्थ ओढवला नाही. महागाईपुढे गरिबांना धान्य विकत घेण्याची शक्तीच उरली नव्हती. बाजारात धान्य असणे आणि ते गरिबाच्या पानात पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त खानावळ या दोहोंमधील लहानसा पूल असते.

तोच पूल पदपथावरही उभा असतो. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या असंख्य निर्वासितांनी दक्षिण कोलकात्यात आसरा घेतला. त्यांपैकी अनेकांनी पदपथावर दुकान मांडून संसार सावरला. गरियाहाटच्या पदपथांवर कपडे, भांडी यांच्या जोडीने खाण्याच्या गाड्याही आल्या. येथील झालमुरी म्हणजे भेळेची बहीण. तिला सरसूच्या तेलाचा झणका असतो. फुचका म्हणजे पाणीपुरीच. तिच्यात मसालेदार बटाटा आणि चिंचेचे पाणी असते. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ऑपरेशन सनशाइन’ या मोहिमेत शहरातील फेरीवाल्यांची दुकाने एका रात्रीत उखडण्यात आली. गरियाहाटही त्यातून सुटले नाही. पादचाऱ्याला मोकळी वाट हवी, हे खरे. पण विक्रेत्याला पोट आहे, हेही तितकेच खरे. फेरीवाले पुन्हा परतले, आणि २०१४ साली देशाने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा केला. वाट आणि पोट यांचा मेळ घालण्याचे काम मात्र प्रत्येक शहराला रोज करावे लागते.

बालीगंजला येऊन मिळणाऱ्या हाजरा मार्गावर ‘महाराष्ट्र निवास’ ही कोलकात्यातील मराठी मंडळींची वास्तू आहे. १७४२ साली मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने याच शहराने ‘मराठा खंदक’ खोदला होता. आज तेथे नोकरीसाठी आलेला मराठी माणूस पाइस हॉटेलच्या बाकावर बसतो, तेव्हा त्याला पिठले-भाकरी मिळत नाही. पण तेथील रीत त्याला परकी वाटत नाही. मुंबईच्या गिरणगावातील खानावळी त्याने ऐकलेल्या असतात. घरापासून दूर राहणाऱ्या गिरणी कामगारांना तेथील बायकांनी वर्षानुवर्षे रांधून घातले. त्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. भाषा वेगळी, चव वेगळी, पण चुलीमागचे कष्ट तेच.

शहराची थोरवी त्याच्या उंच इमारतींवरून मोजण्याची सवय जडली आहे. बालीगंजचा लाकडी बाक दुसरे माप सुचवतो. दिवसभर राबलेला, ओळखीचे कोणी नसलेला माणूस त्या शहरात आपल्या कमाईतून गरम भात खाऊ शकतो का, आणि खाताना त्याची मान ताठ राहते का? जे शहर या प्रश्नाला ‘होय’ म्हणू शकते, तेथे परका माणूस फार दिवस परका राहत नाही.